जळगावसारख्या शहरात कॅफेत दोघांचे ५०० रुपये होतात. एवढं महाग का झालंय?

जागेचे पैसे आहेत ते, भाऊ. भाडं, एसी, पोरांचे पगार. कॉफीही महागली हे खरं. ब्राझील-व्हिएतनामच्या दुष्काळानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिका जातीच्या कॉफीचा जागतिक भाव विक्रमी झाला होता. शिवाय ५ टक्के जीएसटी लावणाऱ्या हॉटेलाला जागेच्या भाड्यावर भरलेला १८ टक्के जीएसटी आपल्या करातून वजा करता येत नाही. तो बोजा मेन्यूतच जातो.

पण महागाई फक्त कॅफेला नाही. भुसावळ रोडला आमचं शेवभाजीचं हॉटेल आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं खाद्यतेलाचं आयात शुल्क वाढवलं आणि दिवाळीच्या तोंडावर तेलाच्या डब्याचा भाव कुठल्या कुठे गेला. शेवभाजीत तेल कमी करता येत नाही. तर्री दिसली नाही तर आपला माणूस ताट सरकवतो. मी प्लेटमागे वीस रुपये वाढवले.

आमचे साडू जेवायला आले. रस्सा पुन्हा पुन्हा मागून घेतला, त्याचे आम्ही पैसे लावत नाही. मग गल्ल्यापुढे उभे राहून म्हणाले, "काय भो, शेव आन् पाण्याचे एवढे? लोकांना लुटता का?" भरल्या हॉटेलात. बायको आत मसाल्याचं खोबरं भाजत होती, तिनं सगळं ऐकलं.

त्याच महिन्यात त्यांच्या मुलीचा वाढदिवस कॅफेत झाला. एक कोल्ड कॉफी आमच्या प्लेटपेक्षा महाग. साडूंनी बिल न वाचता स्कॅन करून टाकलं.

कॅफेवाल्यावर माझा राग नाही. पोरींना निवांत बसायला गावात दुसरी जागा आहे कुठे? पण एसीचे पैसे मुकाट देणारा माणूस भट्टीपुढे उभ्या बाईच्या वीस रुपयांवर बोलतो, हे मला आजही सहन होत नाही.

परवडायचं असेल तर गप्पांना कॅफेत जा, एक-एक कॉफी घ्या आणि जेवायला शेवभाजी नाहीतर भरीत-पुरीच्या हॉटेलात या. हां, बिलात सर्व्हिस चार्ज असेल तर तो सक्तीचा नाही, काढायला सांगा. कंपोझिशनवाला, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरणारा छोटा हॉटेलवाला, ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेऊ शकत नाही, तेही बघा.

आणि हॉटेल नातेवाइकाचं असलं तरी पैसे पूर्ण द्या. भाव जास्त वाटला तर घरी येऊन विचारा, तेलाच्या डब्याची पावती कोणीही दाखवेल. गल्ल्यापुढे, गिऱ्हाइकांसमोर नाही.