वाचक विचारतात : नैरोबीच्या मासाई बाजारातली खरेदी

प्रश्न : ऑगस्टमध्ये केनियाला जातो आहोत. नैरोबीतला मासाई बाजार नेमका कुठे भरतो? तिथल्या वस्तू खरंच मासाई लोकांच्या हातच्या असतात का? (पुणे)

उत्तर : हा बाजार एका जागी बसत नाही, आपल्याकडच्या आठवडी बाजारासारखा वारानुसार जागा बदलतो. शुक्रवारी गिगिरी उपनगरातल्या ‘व्हिलेज मार्केट’ नावाच्या मॉलमध्ये आणि शनिवारी शहराच्या मध्यभागी, हायकोर्टाजवळच्या वाहनतळावर. जागा अधूनमधून बदलतात, म्हणून आदल्या दिवशी हॉटेलात विचारून घ्या.

नाव मासाईंचं असलं तरी माल अनेक जमातींचा असतो. मण्यांचं काम मासाईंचं. लाकडी कोरीवकाम मुख्यतः कांबा लोकांचं, त्यांचं मूळ केंद्र माचाकोसकडचं वामुन्यू गाव. मऊ दगडाच्या वस्तू किसी भागातल्या टबाका गावाकडून येतात आणि घायपाताच्या विणलेल्या पिशव्या, ज्यांना ‘क्योंडो’ म्हणतात, त्या कांबा आणि किकुयू बायकांच्या. कोणती वस्तू कुठली, हे ठाऊक असलं की विक्रेत्याशी बोलणंच वेगळं होतं. ‘टबाकाचा दगड का?’ असं विचारणाऱ्याला तो सहसा दुय्यम माल दाखवत नाही.

प्रश्न : काळ्या लाकडाच्या मूर्ती ‘एबनी’ (आबनूस) म्हणून विकतात. खरं-खोटं कसं ओळखावं? (कोल्हापूर)

उत्तर : फसवणूक सर्वांत जास्त इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पूर्व आफ्रिकेत ज्याला एबनी म्हणतात ते बहुधा ‘म्पिंगो’ असतं. हे झाड आपल्या शिसवाच्याच कुळातलं, फार सावकाश वाढणारं. क्लॅरिनेट आणि ओबोसारखी वाद्यं याच लाकडाची करतात. गाभा जांभळट काळा, त्याभोवती पिवळट पांढऱ्या लाकडाची पातळ कड. कारागीर ती कड पुष्कळदा मुद्दाम ठेवतात, त्यामुळे काळ्या मूर्तीवर फिकट पट्टा दिसला तर तो दोष समजू नका.

नकली मूर्ती म्हणजे फिकट, हलकं लाकूड आणि वर बुटाचं पॉलिश. आधी वजन पाहा. म्पिंगो पाण्यात बुडतो इतका जड असतो, हातभर मूर्ती उचलताना मनगटाला कळलं पाहिजे. मग ओला पांढरा रुमाल बुडाशी आणि कोरीव खाचांत घासा, कारण खाचांत पॉलिश साचतं आणि रुमालाला लागतं. शेवटी विक्रेत्याला विचारून बुडावर नखाने किंवा किल्लीने हलका ओरखडा काढा. खालून तपकिरी किंवा पांढरं लाकूड निघालं, तर किंमत त्या लाकडाची द्या.

फिकट लाकूड वाईट असतं असं मात्र नाही. नीलमोहर, आंबा, कडुनिंब यांच्यावर उत्तम काम होतं. कडुनिंबाला तिथे ‘म्वारोबाईनी’ म्हणतात. जंगलातला म्पिंगो कमी होत चालला आहे, त्यामुळे चांगलं कोरलेली कडुनिंबाची मूर्ती घेणं आमच्या मते अधिक शहाणपणाचं. म्पिंगोसह या कुळातल्या झाडांवर 2017 पासून साइट्स (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) करारानुसार निर्बंध आहेत. तयार वस्तूंत एका खेपेला 10 किलोपर्यंत लाकूड असेल तर सूट मिळते, मात्र ओंडका किंवा फळी आणू नका.

प्रश्न : किसीच्या दगडाच्या वाट्या आणि हत्ती घ्यायचे आहेत. फुटत नाहीत ना? (नाशिक)

उत्तर : फुटतात, आणि बहुतेक वेळा सोंड, मान, कान अशा बारीक जागीच. दगड मऊ असल्यामुळे तो ओला ठेवून सुरीने कोरतात, पाण्यात पॉलिश पेपरने घासतात आणि मेण लावतात. कोरतानाच तुटलेली मान डिंक आणि दगडाची भुकटी भरून जोडलेली असू शकते. वस्तू उन्हात फिरवून पाहा, जोडाजवळची चमक वेगळी दिसते. वाटी असेल तर बोटाच्या पेराने टिचकी मारा. भेग असेल तर आवाज बसका येतो.

रंगीत वाट्यांत खाण्याचे पदार्थ ठेवू नका, रंग वरून दिलेला असतो. बांधताना आधी पोकळ भाग मोज्यांनी भरा, मग कपड्यात गुंडाळा आणि बॅगेच्या मधोमध ठेवा. हा दगड पाण्याच्या जवळजवळ पावणेतीन पट जड असतो, सामानाची मर्यादा चार हत्तींत संपू शकते.

प्लास्टिकच्या हातपिशव्यांना केनियात ऑगस्ट 2017 पासून बंदी आहे. कापडी पिशव्या सोबत न्या.

प्रश्न : घासाघीस किती करावी? (ठाणे)

उत्तर : पहिला भाव बहुधा दुप्पट-तिप्पट असतो. एक तृतीयांशापासून सुरुवात करून निम्म्याच्या आसपास ठरलं तर सौदा ठीक झाला. भाव शिलिंगमध्येच विचारा, डॉलरमध्ये नको. ‘बेई गानी?’ म्हणजे काय भाव, ‘पुंगुझा किडोगो’ म्हणजे थोडं कमी करा. ‘मिया’ म्हणजे शंभर, ‘एल्फू’ म्हणजे हजार.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा. बाजारात शिरताच कुणीतरी ‘रफिकी’ (मित्रा) म्हणत टोपली घेऊन मागे येतो : हवं ते यात टाका, भावाचं शेवटी बघू. हा दलाल असतो. शेवटी तो सगळ्याचा एकच मोठा आकडा सांगतो, त्यात त्याचं कमिशन असतं आणि कोणत्या वस्तूला किती दिले हे तुम्हाला कळत नाही. ‘हपाना, असांते’ (नको, आभार) म्हणा आणि प्रत्येक वस्तूचा भाव तिच्याच विक्रेत्याशी ठरवा. तुम्ही सांगितलेला भाव त्याने मान्य केला की वस्तू घ्यावीच लागते, तिथून मागे फिरणं अपमानाचं मानतात. आणि शेवटच्या पन्नास शिलिंगसाठी अडून बसू नका. मण्यांच्या एका रुंद गळपट्ट्यात अनेक दिवसांची मेहनत असते.

प्रश्न : शिंपले, केसाळ कातड्याचे ढोल आणावेत का? (रत्नागिरी)

उत्तर : नको. हस्तिदंत, कासवाची पाठ, पोवळं, समुद्री शिंपले यांना हातच लावू नका, कायद्यात अडकाल. ढोलाचं कातडं नीट कमावलेलं नसतं, कोकणच्या पावसाळ्यात त्याला बुरशी आणि वास येतो.

प्रश्न : गेल्या वर्षी आणलेल्या लाकडी जिराफाला उन्हाळ्यात उभी भेग पडली. मुखवट्याखाली पिवळी भुकटी पडते. काय करावं? (नागपूर)

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. भेग पडते ती लाकूड ओलं असताना कोरल्यामुळे. बाहेरचा थर आधी सुकून आक्रसतो, आतला तसाच राहतो. ओंडक्याचा मध्य मूर्तीच्या आतच असेल तर भेग जवळजवळ अटळ, म्हणून विकत घेताना बूड पाहावं : वर्तुळांचं केंद्र तिथे दिसलं तर दुसरी मूर्ती निवडावी. आता भेगेत कडक लांबी भरू नका. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि लांबी त्याला आणखी फाडते. मऊ मेण भरा, मूर्ती कूलरच्या झोतातून आणि खिडकीतल्या उन्हातून हलवा.

भुकटी म्हणजे घुणकिडा. मुखवटा इतर लाकडी वस्तूंपासून लगेच वेगळा करा. दोन प्लास्टिक पिशव्यांत, हवा काढून, घट्ट बांधा आणि उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी निदान एक दिवस उघडू नका, नाहीतर थंड लाकडावर दव साचून रंग सुटतो. नंतर मुखवटा काळ्या कागदावर महिनाभर ठेवून पाहा. ताजी भुकटी पडली, तर हेच पुन्हा एकदा करा.