गच्चीवरील कुंड्यांना ९० टक्क्यांची शेडनेट लावावी का?

गच्चीवर मोगरा, जास्वंद आणि मिरच्या आहेत, त्यांवर ९० टक्क्यांची हिरवी जाळी बांधली तर उन्हाळ्यात झाडे अधिक सुरक्षित राहतील का, असे आपण विचारले आहे. राहणार नाहीत. ही टक्केवारी जाळीच्या मजबुतीची नसून ती किती ऊन अडवते याची असते, आणि ९० टक्के ऊन अडवल्यावर मोगऱ्याला फुलण्यापुरता उजेड उरत नाही.

काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये पूर्वेचे गरम वारे सुटले, समुद्रावरचा वारा दुपार उलटली तरी आत येईना आणि आमच्या मुलुंडच्या गच्चीवर मिरच्यांनी माना टाकल्या. मुंबईत मेपेक्षा मार्चच असा अंगावर येतो. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश तापमान नोंदले गेले आहे. आमच्या मिरच्या कोमेजल्या त्याच संध्याकाळी माझे दीर ९० टक्क्यांची जाळी घेऊन आले आणि झाडांच्या शेंड्यांपासून जेमतेम वीतभर उंचीवर, चारही बाजूंनी घट्ट बांधून गेले. जानेवारीत छाटलेल्या मोगऱ्याला तेव्हा उत्तम फुटवे आले होते. महिनाभरात ते लांबलचक वाढले, पाने मोठी व गडद झाली, पण कळी एकही धरली नाही. मिरचीची फुले गळाली, आणि आत वारा खेळत नसल्याने जास्वंदावर पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी पांढरी कीड पसरली. मी चिडून एका दुपारी सगळी जाळी उतरवली, तेव्हा सावलीत वाढलेली कोवळी पाने दोन दिवसांत करपली. ही चूक मात्र माझी होती, कारण ऊन हळूहळू वाढवायला हवे होते.

५० टक्क्यांची, कापल्यावर न उसवणारी जाळी घ्या, ती झाडांपासून किमान तीन फूट वर बांधा, बाजू मोकळ्या ठेवा आणि पावसाळ्यापूर्वी काढा. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या तापलेल्या कोब्यावर न ठेवता विटांवर ठेवा आणि मातीवर नारळाची सोडणे पसरा, कारण अनेकदा पानांआधी मुळेच भाजतात. नेचे, ऑर्किड किंवा नवी रोपे असतील तर ७५ टक्क्यांची जाळी योग्य आहे, आणि गच्चीऐवजी पूर्वेकडची गॅलरी असेल तर बहुधा जाळीची गरजच नाही.

भावोजी आजही म्हणतात की मोगऱ्याला पाणी कमी पडले. मी रोज सकाळी बोटाने माती तपासून पाणी घालत होते. पाण्यावाचून मोगरा सुकला असता, हिरवागार वाढून बिनकळ्यांचा राहिला नसता. पुढच्या वर्षी त्याच कुंड्यांना तेवढेच पाणी घालून वर ५० टक्क्यांची जाळी बांधली, तेव्हा एप्रिलभर रोज ओंजळभर फुले निघत होती.