बॅबकॉकचा तारा

प्रश्न : सरठ तारकासमूहातील एका निळसर-पांढऱ्या, अंधुक ताऱ्याला ‘रासायनिकदृष्ट्या विलक्षण’ म्हणतात. तो खरोखरच वेगळ्या पदार्थांचा बनला आहे का?

उत्तर : नाही; विलक्षणपणा आहे तो केवळ त्याच्या पृष्ठभागाजवळच्या थरांत. एचडी २१५४४१ या क्रमांकाचा हा तारा सुमारे ८.८ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजस्वितेचे माप; आकडा जितका मोठा, तितका तारा अंधुक) असल्याने नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, मात्र लहान दुर्बिणीतून हंस आणि शर्मिष्ठा या तारकासमूहांच्या मधल्या भागात तो सापडू शकतो. त्याचे पृष्ठतापमान सूर्याच्या दुपटीहून अधिक आहे आणि वर्णपटात सिलिकॉनच्या रेषा असाधारण ठळक आहेत.

अशा ताऱ्यांचे बाह्य थर बरेच शांत असतात, त्यामुळे जी मूलद्रव्ये आतून येणारा प्रकाश अधिक शोषतात ती त्याच्या दाबाने वर ढकलली जातात, तर हेलियमसारखी काही गुरुत्वाकर्षणाने खाली बसतात. इथे चुंबकीय क्षेत्राचाही मोठा वाटा आहे. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ होरेस बॅबकॉक यांनी १९६० मध्ये या ताऱ्याच्या वर्णरेषा चुंबकत्वामुळे चक्क विभागलेल्या दाखवल्या आणि त्यावरून सुमारे ३४,००० गॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) एवढे क्षेत्र काढले. पृथ्वीचे क्षेत्र जेमतेम अर्धा गॉस असते, हे लक्षात घेतले म्हणजे खगोलशास्त्रज्ञांचे कुतूहल रास्त वाटते. ही मूलद्रव्ये पृष्ठभागावर सारखी पसरलेली नसून डागांसारखी साचलेली असतात, म्हणून सुमारे साडेनऊ दिवसांच्या परिवलनाबरोबर ताऱ्याची तेजस्विताही किंचित बदलते.