वाचकांचे प्रश्न: अंगणातले दिवे आणि पुण्याचा पाऊस

प्रश्न (बावधन): मे महिन्यात कंपाउंडच्या भिंतीवर सहा नवीन एलईडी दिवे लावले. खोक्यावर आयपी ६५ छापलेलं आहे. जुलैत तीन दिव्यांच्या काचेच्या आत पाणी दिसायला लागलं. दुकानदार म्हणतो, माल चांगला आहे. मग पाणी शिरतंय कुठून?

उत्तर: दुकानदार बहुधा खरंच बोलतोय. आयपी ६५ मधला ६ म्हणजे आत धूळ जाणार नाही आणि ५ म्हणजे पाण्याचा फवारा मारला तरी अपाय होणार नाही. पण ही हमी वायर शिरते ते तोंड नीट बंद असलेल्या दिव्याची असते, आणि आपल्याकडे नेमकं तेच तोंड उघडं राहतं. वायरमन हाताशी असलेल्या दोन सुट्या वायरी ग्लँडमधून (वायर शिरते त्या तोंडाला आवळून बसणारं बूच) आत घेतो. ग्लँडमधलं रबर एका गोल केबलभोवती आवळण्यासाठी असतं, दोन वायरींमधली फट ते बुजवू शकत नाही. दुसरं कारण म्हणजे वरून आलेला पाइप. पावसाचं पाणी त्यातून थेट दिव्याच्या पाठीत उतरतं. तिसरं कारण चटकन लक्षात येत नाही: तापलेल्या दिव्यावर अचानक सर आली की आतली हवा आकसते आणि दिवा त्याच फटीतून दमट हवा ओढून घेतो. काचेवर धुकं धरतं ते त्यामुळे.

करायचं ते असं. एमसीबी (त्या लाइनचा वीजपुरवठा तोडणारा स्विच) पाडा, दिवे उतरवा, उघडून पूर्ण वाळू द्या. आतला ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा भाग) किंवा टर्मिनल (वायर जोडायची जागा) हिरवं पडलं असेल तर तो दिवा परत लावू नका. दीड एमएमची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर तांब्याची) तीन कोअर, म्हणजे आत तीन वायरी असलेली, गोल केबल घ्या, तिसरी कोअर अर्थिंगसाठी. ग्लँड केबलच्या जाडीला बसेल असाच हवा. तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानांत सुटे ग्लँड मिळतात, केबलचा तुकडा बरोबर न्या. केबल दिव्यात खालून शिरू द्या आणि शिरण्याआधी तिला खाली लोंबता वळसा ठेवा, म्हणजे पाणी वळशावरूनच गळून जाईल. फिटिंग आणि भिंत यांच्यामध्ये सिलिकॉन वरच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना भरा, खालची कड मोकळी सोडा. चारही बाजू बंद केल्या तर मागून झिरपलेलं पाणी तिथंच अडकतं. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते धातू गंजवतं, ‘न्यूट्रल’ सिलिकॉन मागून घ्या. आणि जोडावर नुसती इन्सुलेशन टेप नको. उन्हानं तिचा चिकटपणा जातो, पहिल्या पावसात ती सुटते. जोड बंद जंक्शन बॉक्समध्येच घ्या.

महागड्या दिव्यांपेक्षा या किरकोळ सामानाकडे आधी बघा, असं आम्ही दरवर्षी सांगतो.

प्रश्न (सहकारनगर): पोर्चमध्ये १२ व्होल्टचा ड्रायव्हर आहे. तिथून २० मीटरवर बागेत ६ वॅटचे दहा स्पाइक (जमिनीत खोचायचे) दिवे आहेत, वायर दीड एमएमची. दिवे मंद लागतात. ड्रायव्हर बदलला, तरी तेच.

उत्तर: ड्रायव्हरचा दोष नाही, वायर खातेय. दहा दिवे मिळून ६० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला ५ अँपिअर. जाऊन-येऊन ४० मीटर तांब्याचा रोध साधारण अर्धा ओहम. त्यात जवळजवळ अडीच व्होल्ट जातात आणि दिव्यांना साडेनऊच्या आसपासच उरतात. चार एमएमची वायर घातली तर घट एका व्होल्टच्या आत येते. सगळी यंत्रणा २४ व्होल्टची केली तर दीड एमएममध्येही सव्वा व्होल्टच जातो, पण मग दिवेही २४ चेच लागतात. तिसरा मार्ग म्हणजे पावसापासून सुरक्षित बॉक्समध्ये ड्रायव्हरच बागेजवळ नेणं. त्यासाठी २३० व्होल्टची केबल जमिनीतून न्यावी लागेल: आर्मर्ड (लोखंडी कवचाची) केबल, अडीच फूट खोल चर, केबलवर वाळू आणि विटांचा थर. नाहीतर पुढच्या वर्षी माळ्याची कुदळ तिच्यावर बसते. बाहेरच्या या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. ड्रायव्हर ७५ वॅटचा घ्या. ६० वॅटचा ६० वर सतत चालवला तर फार टिकत नाही.

प्रश्न (वाघोली): सोलर दिवे ऑगस्टमध्ये नऊलाच विझतात. बॅटरी बदलू का?

उत्तर: आधी पॅनेल पुसा आणि झाडाची सावली पडते का ते पाहा. पॅनेल सुटं असेल तर दक्षिणेकडे तोंड करून, साधारण २० अंश कलतं बसवा. तरीही ढगाळ आठवड्यात ते रात्रभर पुरणार नाहीत. शोभेला सोलर ठीक, पण पायऱ्यांवर आणि गेटवर विजेचाच दिवा हवा.

प्रश्न (धायरी): पहिल्या पावसानंतर पोर्चमध्ये पाखरांचा खच पडतो. कोणता दिवा लावावा?

उत्तर: ६५०० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप) पांढरा दिवा काढा आणि २७०० ते ३००० चा पिवळसर लावा. निळसर उजेडाकडे पाखरं जास्त ओढली जातात. पिवळ्यानं ती कमी होतात, संपत नाहीत. उजेड खाली पडेल असं झाकण असलेलं फिटिंग घ्या, आणि वाळवीची पाखरं उडतात त्या संध्याकाळी तासभर दिवा बंदच ठेवा. गेटला ४००-५०० ल्युमेन (हे उजेडाचं माप) पुरतात. ५० वॅटचा फ्लडलाइट लावला तर समोरच्यांच्या बेडरूममध्ये दिवस उगवतो. सेन्सरचा (हालचाल टिपून लागणारा) दिवा दोन ते अडीच मीटर उंचीवर, माणूस समोरून येण्याऐवजी आडवा जाईल असा लावा. आडवी हालचाल सेन्सर लवकर टिपतो. एसीच्या बाहेरच्या युनिटकडे त्याचं तोंड नको, गरम हवेनंही तो लागतो.

प्रश्न (कर्वेनगर): बटण बंद केलं तरी पार्किंगमधला एलईडी मिणमिणत राहतो.

उत्तर: बटणात लाल इंडिकेटर असेल तर त्यातून जाणाऱ्या किरकोळ करंटनं तो लागतो, इंडिकेटर नसलेलं बटण बसवा. इंडिकेटर नसेल तर बटण फेजऐवजी (वीज आणणारी वायर) न्यूट्रलवर (परतीची वायर) जोडलेलं असण्याची शक्यता जास्त. बटण बंद असताना वायरमनकडून होल्डरवर टेस्टर लावून बघा. तो पेटला तर जोडणी बदलून घ्या आणि तोवर एमसीबी पाडल्याशिवाय बल्बला हात लावू नका.