गावाचा इतिहास शोधताय? आधी जिल्ह्याचं जुनं नाव बघा

रायगड जिल्ह्यातल्या गावाची माहिती हवी असेल, तर नुसतं ‘रायगड’ शोधत बसू नका. १९८१पर्यंत हा कुलाबा जिल्हा होता. म्हणून मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रज सरकारच्या जिल्हावार माहितीग्रंथाचा, १८८३चा कुलाबा-जंजिरा खंड इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयात उघडा. गावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघा. स्कॅनमध्ये अक्षरं चुकतात, तेव्हा शेवटी पानं एकेक करून चाळायची; मला तर त्यातच खरा आनंद मिळतो. मजकूर साहेबाच्या नजरेतून लिहिलाय, एवढं ध्यानात असू द्या.

पुढे जुनी मराठी कागदपत्रं वाचायला मोडी लिपी शिकाच. आधी ओढलेली आडवी रेघ, तिला लटकलेली अक्षरं, दोन शब्दांत जागाच नाही. सुरुवातीला जड जातं. जुन्या पत्रावर शुहूर सन (मराठेशाहीतल्या कागदांत वापरलेली कालगणना) दिसला की त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा, इसवी सन निघतो.