ख्रिश्चन माणसाचं दहन केलं तर त्याचं पुनरुत्थान होणार नाही का?

होणार, दहनाने काही अडत नाही. कॅथलिक चर्चने १९६३ सालीच दहनावरची बंदी उठवली, आणि तसंही पुरलेल्या देहाची शेवटी मातीच होते ना, शंभर वर्षांनी कबरीत काय उरतं? बायबलात करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५ वा अध्याय बघा, हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे बियाण्याचं उदाहरण देतो, पेरतो तो नुसता दाणा आणि उगवतं ते वेगळंच, म्हणजे माणूस तोच पण उठणारं शरीर आताच्यासारखं नाशवंत नाही. फक्त कॅथलिक असाल तर राख नदीत सोडता येत नाही, व्हॅटिकनची २०१६ ची सूचना आहे, दफनभूमीत किंवा चर्चच्या जागेतच ठेवायची. ऑर्थोडॉक्स, म्हणजे ग्रीक-रशियन वगैरे पूर्वेकडच्या चर्चची मंडळी मात्र अजूनही दफनावरच ठाम आहेत.