वाचकांचे प्रश्न : परदेशी शिक्षण

प्रश्न : ऑक्टोबरपासून जर्मनीत मास्टर्सला चालले आहे. आजवर घराबाहेर राहिले नाही, बँकेची कामंही बाबाच करतात. सगळे म्हणतात, तिकडे गेलीस की आपोआप स्वावलंबी होशील. खरंच आपोआप होतं का?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : आपोआप काहीच होत नाही. पहिल्या सहामाहीतली कामं स्वतः केलीस, तर होतं. म्हणून निघण्याआधी कामांचा क्रम पक्का कर. तिथे पोहोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. तात्पुरत्या मुक्कामाच्या बऱ्याच जागा ते देत नाहीत, आणि मग निवास परवान्यापर्यंतची पुढची कामं अडतात. जागा ठरवतानाच ‘पत्र मिळेल’ असं लेखी घे. व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्यातल्या, म्हणजे ब्लॉक्ड अकाउंटमधल्या, 11,904 युरोंपैकी महिन्याला 992 युरोच हाती येतात. पण पहिल्याच महिन्यात भाडं, डिपॉझिट आणि विद्यापीठाची सेमिस्टर वर्गणी एकदम येते. त्यासाठी दोनेक हजार युरो वेगळे ठेव.

अभ्यासात मुलं अडखळतात ती बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे. आपल्याकडे युनिट टेस्ट, सबमिशन, हजेरी यांचा धाक असतो. तिथे कुणी मागे लागत नाही. कित्येक विषयांचा सगळा निकाल फेब्रुवारीतल्या एका पेपरवर ठरतो. त्या पेपरसाठी पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते आणि तिची मुदत चुकली की बसता येत नाही. उलट नोंदणी केली, वेळेत रद्द केली नाही आणि गेलीही नाहीस, तर बहुतेक ठिकाणी 5.0 म्हणजे नापास. एका विषयाला सहसा तीनच संधी असतात. सक्तीच्या विषयात तिसरीही गेली, तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो. त्यामुळे परीक्षेचे नियम पहिल्याच आठवड्यात नीट वाच. सेमिस्टरला 30 क्रेडिट अपेक्षित असतात आणि एक क्रेडिट म्हणजे 25 ते 30 तासांचं काम. पहिल्या खेपेला 20-22 क्रेडिटचेच पेपर द्यावेत, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न विचारायचीही सवय लागते. प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत जाऊन ‘मला हा टॉपिक कळला नाही’ म्हटलंस तर फारसं हाती लागत नाही. ‘14व्या स्लाइडवर दुसऱ्या पायरीत ही टर्म का सोडली? मी ती धरून केलं तर उत्तर वेगळं येतं’ असं म्हण आणि आपली वही पुढे ठेव. मग अर्धा तास नीट चर्चा होते. चारचौघांत हात वर करण्याची भीती जाते ती याच वाटेनं.

नोव्हेंबर-डिसेंबरचंही ध्यानात ठेव. दुपारी चार-साडेचारलाच अंधार पडतो. रोज उजेडात तासभर बाहेर पड आणि विद्यापीठाच्या क्रीडा विभागात एखादा खेळ लाव, तिथली फी फार नसते. दोन आठवडे झोप लागली नाही किंवा खोलीबाहेर पडावंसं वाटलं नाही, तर विद्यार्थी सेवा संस्थेच्या समुपदेशकाकडे जा. ही सोय बहुतेक ठिकाणी मोफत असते. तिथलं बोलणं गोपनीय असतं, व्हिसा कार्यालयाला कळवलं जात नाही.

प्रश्न : मुलगा जर्मनीत आखेनला शिकतो आहे. फोनवर ‘हो, ठीक’ एवढंच बोलतो. एका विषयात 2.7 पडले म्हणे. रोज व्हिडिओ कॉल करावा का?
— एक आई, अहिल्यानगर

उत्तर : ताई, आधी गुणांची काळजी सोडा. तिथे 1.0 सर्वोत्तम आणि 4.0 म्हणजे काठावर पास. 2.7 हे मधले, समाधानकारक गुण आहेत. रोजच्या कॉलपेक्षा रविवारचा एक निवांत कॉल बरा. त्या दिवशी तिथली दुकानं बंद असतात, मुलं मोकळी असतात. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेतीन. ‘अभ्यास झाला का?’ विचारलं की ‘हो’वर विषय संपतो. ‘या आठवड्यात काय शिजवलंस, कुणाबरोबर जेवलास?’ असं विचारून पाहा. सगळी जेवणं एकट्यानंच होत असतील, तर तिकडे लक्ष द्या. आणि त्याच्या घरमालकाशी वा बँकेशी इथून परस्पर बोलू नका. ती कामं त्याला करू द्या, वेळ लागला तरी चालेल.

प्रश्न : कोर्स इंग्रजीत आहे. तरी जर्मन शिकायला हवं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : हवंच. निघण्याआधी ए2, म्हणजे जर्मन भाषेची दुसरी पातळी, पूर्ण करा. तुमच्या पुण्यातच जर्मन शिकवणारं मॅक्सम्युलर भवन आहे. वर्ग इंग्रजीत चालतात. पण खोली बघायला गेल्यावर, दवाखान्यात, सरकारी खिडकीवर जर्मनच चालतं. वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करायची मुभा असते, पण दुकानात किंवा हॉटेलात काम मिळायला बी1च्या, म्हणजे ए2च्या पुढच्या पातळीच्या, आसपासची भाषा लागते. सुरुवात आकडे, वेळा आणि पत्ते कानांनी ओळखण्यापासून करा. जर्मनमध्ये 24 म्हणताना मराठीसारखंच आधी चार आणि मग वीस येतं. इंग्रजीतून आकडे शिकलेली मुलं नेमकी इथे गोंधळतात आणि फोन नंबर उलटा लिहून घेतात. तुम्ही ‘चोवीस’ मनात धरूनच ऐका.